पार्क उतरणीला लागले तर खोलीचं काय? डिस्नेचे पॉइंट घेण्याआधी

माझा भाचा न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीनची. चौघं ओरलँडोला जाऊन आले आणि परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "मामा, दीडशे पॉइंट घ्यायचं जवळजवळ ठरलंय. पण ऑफिसात जो तो म्हणतो की डिस्ने आता पूर्वीचं राहिलं नाही. पार्कच खाली चाललं असेल, तर त्याच्या दारातली खोली चाळीस वर्षांसाठी कशाला अडकवून घ्यायची?"

प्रश्न रास्त आहे. पॉइंट म्हणजे डिस्नेच्या रिसॉर्टमधल्या खोल्यांची दरवर्षी वापरायची मालकी, एक प्रकारचा टाइमशेअर. मी स्वतः २०१४ मध्ये ॲनिमल किंगडम व्हिलाजचे १६० पॉइंट आधीच्या मालकाकडून, म्हणजे रीसेलने घेतले. ते आजही वापरतो आणि घेतल्याचा आनंद आहे. त्यामुळे माझं मन थोडं त्या बाजूला झुकतं, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. फोनवर त्याला सांगितलं ते विस्कळीत होतं, म्हणून आकडे मांडून लिहायला बसलो. आपल्याकडची बरीच कुटुंबं याच वळणावर उभी असतात: मुलं लहान, पगार बरा, आणि सहलीच्या शेवटच्या दिवशी हातात आलेलं माहितीपत्रक.

माझं मत आधीच सांगतो. पार्कची घसरण सगळ्या मालकांना सारखी लागत नाही. थेट कंपनीकडून पूर्ण किमतीला घेणाऱ्याला ती सर्वांत जास्त लागते, रीसेलने घेणाऱ्याला बरीच कमी, आणि पॉइंट भाड्याने घेऊन राहणाऱ्याला जवळजवळ नाहीच. पण त्याहून मोठा फरक तुम्ही कोणता रिसॉर्ट निवडता त्याने पडतो.

करारात काय आहे आणि काय नाही

डिस्ने व्हेकेशन क्लब १९९१ मध्ये सुरू झाला. त्याचा पहिला रिसॉर्ट आज ओल्ड की वेस्ट या नावाने ओळखला जातो. ठरावीक आठवडा विकणाऱ्या जुन्या टाइमशेअरपेक्षा इथली पद्धत वेगळी आहे. तुम्हाला दरवर्षी ठरलेले पॉइंट मिळतात आणि त्यांतून हव्या त्या तारखेची, हव्या त्या आकाराची खोली घेता येते. आपल्या 'घरच्या' रिसॉर्टचं बुकिंग ११ महिने आधी उघडतं, इतर रिसॉर्टचं ७ महिने आधी. एखाद्या वर्षी जाणं झालं नाही तर पॉइंट पुढच्या वर्षात नेता येतात, किंवा पुढच्या वर्षाचे आधी उचलता येतात.

नवी मुंबईत घर घेतलेल्यांना यातला मालकीचा भाग चटकन कळेल. सिडकोची जमीन जशी लीजवर असते, तशीच ही मालकी लीजवरची आहे. खरेदीखत होतं, नोंदणी होते, पण मुदत संपली की सगळं डिस्नेकडे परत जातं. प्रत्येक रिसॉर्टची मुदत वेगळी. बीच क्लब, बोर्डवॉक आणि बोल्डर रिज यांची २०४२ ला संपते, साराटोगा स्प्रिंग्जची २०५४ ला, ॲनिमल किंगडमची २०५७ ला, बे लेक टॉवरची २०६० ला, पॉलिनेशियनची २०६६ ला, रिव्हिएराची २०७० ला. तोपर्यंत दरवर्षी मेंटेनन्स भरायचा. खोली वापरा किंवा न वापरा, सोसायटीचा मेंटेनन्स जसा चुकत नाही तसाच हाही चुकत नाही.

आता महत्त्वाचं. या करारात खोलीबद्दल पक्कं संरक्षण आहे. एका रिसॉर्टचे एकूण पॉइंट ठरलेले असतात. कंपनी एका हंगामाचे वाढवू शकते, पण मग दुसरीकडे तेवढे कमी करावे लागतात. २०१८ च्या अखेरीस २०२० सालासाठीचे नवे तक्ते जाहीर झाले, सभासदांनी त्यांच्यावर आक्षेप घेतले आणि कंपनीने ते तक्ते मागे घेतले. खोलीच्या बाबतीत सभासदाच्या हातात काहीतरी आहे, ते असं.

पार्कच्या बाबतीत त्याच्या हातात काहीच नाही. तिकीट पॉइंटांत येत नाही. अमुक राइड चालू राहील, तिकीट अमुक टक्क्यांहून जास्त वाढणार नाही, रांगेला पैसे लागणार नाहीत, यातलं एकही वाक्य करारात नाही. आपण घेतो ती खोली, आणि मनात धरून घेतो तो पार्क. भाच्याचा प्रश्न बरोबर या फटीत बसलेला आहे.

घसरण नेमकी कशात झाली

"पूर्वीचं राहिलं नाही" हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकतोय, आणि त्यातलं खरं किती ते वेगळं काढायला हवं.

पैशांच्या बाबतीत तक्रार पूर्ण खरी आहे. १९७१ मध्ये मॅजिक किंगडम, ओरलँडोतलं डिस्नेचं पहिलं पार्क, उघडलं तेव्हा प्रवेश साडेतीन डॉलर होता, राइडची कुपनं वेगळी. २०१५ मध्ये एका दिवसाच्या तिकिटाने शंभरी ओलांडली. आता गर्दीच्या दिवशी ते दोनशे डॉलरच्या घरात जातं, आणि तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला तिकीट लागतंच. १९९९ पासून रांग टाळायचा फास्टपास फुकट मिळायचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या जागी माणशी, दिवसाला १५ डॉलरपासून सुरू होणारी सशुल्क सोय आली. २०२४ मध्ये तिचं नाव लायटनिंग लेन मल्टी पास झालं आणि आता दर दिवसागणिक बदलतो. विमानतळावरून हॉटेलपर्यंतची फुकट बस २००५ पासून होती, ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली.

देखभालीबद्दलही तक्रारीत तथ्य आहे. एक्स्पिडिशन एव्हरेस्ट ही राइड २००६ मध्ये उघडली. तिच्यातला अजस्र यती पहिल्या दोनेक वर्षांतच हलेनासा झाला, आणि तेव्हापासून लखलखत्या दिव्यांच्या आडून तो हलल्याचा भास निर्माण केला जातो. ही एकच गोष्ट आहे, पण इतकी वर्षं तशीच राहिली म्हणून ती लोकांच्या मनात बसली. शिवाय २०२५ च्या उन्हाळ्यात मपेट्सचा त्रिमिती खेळ बंद झाला. पाठोपाठ मॅजिक किंगडममधली नदी, बेट आणि वाफेची बोट कायमची गेली. ॲनिमल किंगडम या पार्कमधला डायनासोरचा सगळा भागही नव्या बांधकामासाठी गेला.

पण दुसरी बाजू पाहा. २०१७ मध्ये 'अवतार' चित्रपटावरचं पँडोरा आलं, २०१९ मध्ये स्टार वॉर्सचा भाग, २०२२ मध्ये एपकॉट या पार्कमधली गार्डियन्सची राइड, २०२३ मध्ये ट्रॉनची राइड. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने जगभरची पार्क आणि जहाजं मिळून दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. बंद झालेल्या जागांवर काम चालू आहे. म्हणजे पार्कमध्ये बघण्यासारखं कमी झालं, असं मी म्हणणार नाही. कमी झाली ती सहजता. सकाळी उठून नाश्ता करून निवांत जावं आणि जे मिळेल ते पाहावं, हे आता जमत नाही. सकाळपासून फोनवर वेळा धरायच्या, प्रत्येक सोयीचा हिशेब करायचा. लहान मुलं आणि आजी-आजोबा घेऊन जाणाऱ्या घराला हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते, कारण त्यांना वेग नको असतो, मोकळीक हवी असते.

ही घसरण पॉइंटांच्या किमतीला कशी लागते

पार्क खालावलं की पॉइंटांचे भाव पडतील, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात गोष्ट उलटसुलट आहे, आणि मला त्यातली हीच बाब सर्वांत उद्बोधक वाटते.

कंपनी तिकिटाचे, रांगेचे पैसे वाढवते तेव्हा हॉटेलच्या रोख दरांतही तोच हात चालतो. रोख दर चढले की पॉइंटवाला फायद्यात दिसतो, कारण त्याच्या खोलीचे पॉइंट तेवढेच राहिलेले असतात. म्हणजे ज्या वृत्तीमुळे पार्कचा अनुभव महाग आणि दमवणारा होतो, तीच वृत्ती काही काळ पॉइंटांचं मोल टिकवून धरते. तुमचा पार्कवरचा राग आणि तुमच्या पॉइंटांचा भाव एकाच वेळी वर जाऊ शकतात.

तसं झालेलंही आहे. १६ मार्च २०२० ला पार्क बंद झाली आणि जवळजवळ चार महिने बंद राहिली. मालकी पूर्ण निरुपयोगी ठरावी असा तो काळ, पण रीसेलचा बाजार कोसळला नाही. उलट पुढच्या दीड-दोन वर्षांत भाव चढत गेले, आणि सशुल्क रांगेवरून सर्वांत जास्त ओरड चालू होती त्याच सुमारास ते शिखराला होते. नंतर उतरले ते कर्जाचे व्याजदर वाढल्यावर, लोकांचा हात आखडल्यावर. जवळच्या काळात भाव पार्कच्या दर्जापेक्षा लोकांच्या खिशाकडे जास्त बघतात.

लांबचा पल्ला वेगळा आहे. आज पॉइंट विकत घेणारी पिढी लहानपणी डिस्नेला गेलेली असते, किंवा आपल्यासारखी, मुलांमुळे त्याच्या प्रेमात पडलेली असते. एखाद्या सहलीत मूल चार राइड करून थकून परत आलं, आईवडील वैतागले, तर पंचवीस वर्षांनी ते मूल आपल्या मुलांना घेऊन तिथे जाईलच असं नाही. आणि २०६६ किंवा २०७० पर्यंतचे पॉइंट पुढे विकायचे असतील, तर गिऱ्हाईक म्हणून त्या मुलावरच तुमची भिस्त असणार.

या सगळ्यात मेंटेनन्स मात्र पार्ककडे बघत नाही. तो रिसॉर्टच्या खर्चावर ठरतो: पगार, विमा, मालमत्ता कर, डागडुजी, बसचा वाटा. फ्लोरिडात २०२० च्या सार्वमतानंतर किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलरवर नेलं जात आहे, ३० सप्टेंबर २०२६ हा शेवटचा टप्पा. ते योग्यच आहे, खोली साफ करणाऱ्या बाईलाही घर चालवायचं असतं. पण मालकाने हे ओळखून असावं की पार्क ओसरलं, तुमचं जाणं कमी झालं, तरी हा आकडा चढतच राहणार. मालकीतला खरा धोका मला इथे दिसतो. विक्रीचा भाव पडणं ही त्यापुढे दुय्यम गोष्ट आहे.

तीन वाटा, आकड्यांनिशी

भाच्यासाठी मी हिशेबाला सोपे, पण आजच्या बाजाराच्या जवळचे आकडे धरले. १५० पॉइंट, म्हणजे हंगाम आणि रिसॉर्टनुसार स्टुडिओत साधारण आठवडाभर. मेंटेनन्स पॉइंटमागे ९ डॉलर, वर्षाला १,३५०. घातलेल्या मुदलावर ४ टक्के व्याज गेलं असं धरलं, कारण तेच पैसे बँकेत राहिले असते तर काहीतरी मिळालंच असतं.

थेट कंपनीकडून, पॉलिनेशियनसारख्या ४० वर्षं उरलेल्या ठिकाणी, पॉइंटमागे २२५ डॉलर धरले तर ३३,७५० डॉलर लागतात. व्याजासकट समान वार्षिक हप्ता काढला तर साधारण १,७०५. त्यात मेंटेनन्स घातला की वर्षाला ३,०५५, म्हणजे पॉइंटमागे वीस डॉलरहून किंचित जास्त.

रीसेलने, साराटोगासारख्या २८ वर्षं उरलेल्या ठिकाणी, पॉइंटमागे ११० धरले तर १६,५०० डॉलर. हप्ता सुमारे ९९०, मेंटेनन्ससकट २,३४०. पॉइंटमागे साडेपंधरा.

तिसरी वाट, दुसऱ्या सभासदाकडून त्या-त्या वेळी पॉइंट भाड्याने घ्यायचे. पॉइंटमागे २० डॉलर धरले तर आठवड्याला ३,०००. ना मुद्दल, ना मेंटेनन्स, ना मुदतीची काळजी. तोटा एवढाच की आरक्षण सहसा रद्द करून पैसे परत मिळत नाहीत, आणि बुकिंगची दोरी दुसऱ्याच्या हातात असते.

हे आकडे शेजारी ठेवल्यावर भाचा थोडा वेळ गप्प राहिला. थेट खरेदी दरवर्षी न चुकता जाऊनसुद्धा आज भाड्याच्या बरोबरीला येते. तिचा फायदा पुढे भाडी मेंटेनन्सपेक्षा जलद वाढली तरच. रीसेल दरवर्षी साडेसहाशे डॉलर वाचवते. आता यात पार्कची घसरण मिसळा. समजा कंटाळा आला आणि तीन वर्षांतलं एक वर्ष जाणं टळलं. भाडेकरूचा सरासरी खर्च २,००० वर येतो. रीसेलवाल्याचा २,३४० वरच राहतो, म्हणजे फायदा संपून थोडा तोटा सुरू होतो. थेट घेणारा वर्षाला हजारहून जास्त डॉलरने मागे पडतो. न वापरलेले पॉइंट तो भाड्याने देऊ शकतो, धंदा म्हणून नाही पण अधूनमधून देता येतात, आणि त्यातून बरीच भरपाई होते. पण ते भाडं मिळायला गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाईक पार्कसाठीच येतं. पार्क खालावलं तर तुमची गरज आणि तुमचं गिऱ्हाईक एकदमच आटतात.

थेट खरेदीचा जो जास्तीचा पैसा आहे तो कशासाठी, हेही पाहायला हवं. एप्रिल २०१६ नंतर रीसेलने घेणाऱ्यांना सभासदांच्या सवलती मिळत नाहीत. जानेवारी २०१९ नंतर जुन्या १४ रिसॉर्टांचे रीसेल पॉइंट रिव्हिएरात आणि त्यानंतर आलेल्या काही नव्या ठिकाणी चालत नाहीत, आणि रिव्हिएराचे रीसेल पॉइंट फक्त रिव्हिएरातच चालतात. थेट घेणाऱ्याला हे सगळं खुलं असतं. पात्र सभासदांना मिळणारा पार्कचा एक ठरावीक वार्षिक पासही त्यात येतो, जो एरवी फ्लोरिडाच्या रहिवाशांखेरीज इतरांना घेता येत नाही. पण या सवलती करारात बांधलेल्या नाहीत, कंपनी त्या कधीही बदलू शकते, आणि त्यांतल्या बऱ्याच पार्कशीच जोडलेल्या आहेत. म्हणजे पूर्ण किंमत देणारा माणूस खोलीवर जो जादा पैसा घालतो, तो नेमका हमी नसलेल्या भागावर घालतो. वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्या, वार्षिक पास हवाच असलेल्या कुटुंबाला तो परवडू शकतो. एडिसनहून वर्षातून एकदा जाणाऱ्याला परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कोणत्याही वाटेने गेलात तरी कर्ज काढून घेऊ नका. कर्जाचं जादा व्याज धरलं की वरचा सगळा हिशेब मोडतो.

रिसॉर्ट निवडताना

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण पार्क उतरलं तरी काय टिकेल याचं उत्तर रिसॉर्टमध्येच आहे.

२०१६ मध्ये आई पुण्याहून आली होती. तिचे गुडघे दुखायचे, त्यामुळे पार्कमध्ये एक दिवस फिरल्यावर तिने सांगितलं, "तुम्ही जा, मी इथेच बसते." आम्ही किदानी व्हिलेजमध्ये होतो, ॲनिमल किंगडम व्हिलाजचा तो भाग. खोलीच्या बाल्कनीखाली गवताळ रान, त्यात जिराफ, झेब्रे, लांब शिंगांची अंकोले गुरं. आई दोन दिवस त्या बाल्कनीत चहा घेऊन बसली. संध्याकाळी खालच्या सना नावाच्या हॉटेलात गेलो, तिथे आफ्रिकन आणि भारतीय चवीचं जेवण मिळतं, नान आणि नाना तऱ्हेच्या चटण्या. परत गेल्यावर तिने नात्यातल्या सगळ्यांना जिराफांबद्दल सांगितलं. मॅजिक किंगडमचा उल्लेखही नव्हता.

तेव्हापासून मी रिसॉर्टला एकच कसोटी लावतो: पार्कचं तिकीट न काढता इथे चार दिवस राहावंसं वाटेल का?

किदानी आणि ॲनिमल किंगडम व्हिलाजचाच दुसरा भाग जांबो हाउस या कसोटीत सहज उतरतात. अडचण आहे ती अंतराची, इतर पार्क लांब आहेत, आणि शेजारचं ॲनिमल किंगडम सध्या अर्धंमुर्धं आहे. डायनासोरच्या जागी होणारा उष्णकटिबंधीय अमेरिकेचा भाग २०२७ मध्ये उघडायचा आहे. बीच क्लबही उतरतो. त्याचा वाळूचा तळ असलेला जलतरण तलाव मुलांना दिवसभर पुरतो, आणि एपकॉट चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने राइड न करता नुसतं हिंडून जेवून येता येतं. साराटोगा मोकळं, झाडांचं, शांत आहे, आणि दुकानं-हॉटेलांच्या डिस्ने स्प्रिंग्जला लागून आहे. रूप फार नाही, पण भाव कमी, म्हणून घसरण झाली तरी पडायला उंचीच कमी.

बे लेक टॉवर याच्या उलट. मॅजिक किंगडमला चालत पाच-दहा मिनिटांत पोचता येतं, काही खोल्यांच्या खिडकीतून किल्ला दिसतो, आणि तिथल्या पॉइंटांचं जवळजवळ सगळं मोल त्यातच आहे. मॅजिक किंगडमवर तुमचा विश्वास असेल तर उत्तम, डळमळीत असेल तर हा रिसॉर्ट तुमचा नाही. रिव्हिएरा देखणा आहे, केबलकारने एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जोडलेला आहे, पण पुढच्या गिऱ्हाइकाला त्याचे पॉइंट फक्त तिथेच वापरता येणार. विकायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल, तर थेट किमतीने तो घेणं मला सर्वांत जोखमीचं वाटतं.

कुणी म्हणेल, मग सरळ समुद्रावरचं घ्यावं, पार्कची कटकटच नको. हवाईतला औलानी सोडला तर क्लबचे दोन रिसॉर्ट तसे आहेत, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचा व्हेरो बीच, १९९५ चा, आणि साउथ कॅरोलायनातला हिल्टन हेड, १९९६ चा. दोन्ही छान आहेत. पण रीसेलमध्ये त्यांचे भाव कायम तळाशी असतात आणि मेंटेनन्स कायम वर असतो, कारण किनाऱ्यावर वादळं, विमा आणि खारी हवा यांचा खर्च मोठा. त्यांची मुदतही २०४२ चीच. बाजार कशाचे पैसे देतो हे या दोघांवरून कळतं: दारात पार्क नसलेल्या डिस्नेला तो फार किंमत देत नाही. म्हणून पार्कची घसरण विक्रीच्या भावाला कधीच लागणार नाही असं मी म्हणत नाही. मात्र तुम्ही राहण्यासाठी घेत असाल, तर तुमचा वापर त्या भावावर अवलंबून नसतो.

मुदतीबद्दल एक गोष्ट लोकांना पटवून द्यायला मला नेहमी वेळ लागतो. लांब मुदत म्हणजे जास्त चांगली, असं आपल्याला वाटतं, कारण आपण घर-जमिनीच्या हिशेबाने विचार करतो. पार्कबद्दल शंका असेल तर छोटी मुदत हेच संरक्षण आहे. २०४२ चा बीच क्लब आज घेतला तर १६ वर्षं उरतात. भाच्याचा मुलगा तेव्हा बावीसचा असेल, मुलगी एकोणिसाची, म्हणजे बालपण नेमकं त्यात बसतं. शेवटी हाती काही उरणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, त्यामुळे त्याचा भाव कमी असतो, आणि पुढच्या पिढीच्या गळ्यात मेंटेनन्सही पडत नाही. ओरलँडोतल्या कितीतरी जुन्या आठवडेवाल्या टाइमशेअरना मुदतच नाही. मालक म्हातारे झाले, मुलांना नको, आणि मेंटेनन्समधून सुटका व्हावी म्हणून ते नाममात्र एका डॉलरला विकायला काढतात. डिस्नेच्या पॉइंटांना ती अवस्था आलेली नाही, याचं एक कारण शेवटची तारीख हे आहे. दुसरं कारण असं की प्रत्येक रीसेल सौद्यात तो माल त्याच भावाला स्वतः घेण्याचा पहिला हक्क डिस्नेकडे असतो, आणि फार खाली गेलेले सौदे कंपनी कधीकधी उचलते. पण तो तिचा हक्क आहे, बंधन नाही. भाव पडले की कंपनी घेईलच, या भरवशावर राहू नये.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात सागवानाच्या योजनांबरोबर टाइमशेअरचीही लाट आली होती. आमच्या बाबांनी एका हिल स्टेशनवरच्या रिसॉर्टचा आठवडा घेतला होता. मे महिन्याची तारीख कधी मिळाली नाही, आणि काही वर्षांनी ती कंपनीच दिसेनाशी झाली. त्यामुळे या शब्दाची धास्ती आपल्या घराघरांत आहे, आणि ती खोटी नाही. भाच्याच्या मनातही आजोबांची ती फाइल आहे. फरक एवढाच की इथे घेतलेली गोष्ट नाहीशी होण्याची भीती नाही, ती गोष्ट नकोशी होण्याची आहे, आणि तिचा विचार वेगळ्या पद्धतीने करावा लागतो.

एक नवी गोष्टही हिशेबात आली आहे. २२ मे २०२५ ला ओरलँडोत युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीचं एपिक युनिव्हर्स हे पार्क उघडलं. मुलं दहा-बाराची झाली की ओढ तिकडे जाते, हे मी मंडळातल्या घराघरांत बघतोय. डिस्नेची खोली असली तरी दोन दिवस तिकडे जाता येतं, त्यामुळे खोली वाया जात नाही. पण सात रात्रींच्या चार होतात, आणि दीडशे पॉइंटांऐवजी शंभर पुरले असते असं वाटू लागतं. म्हणून पहिली खरेदी गरजेपेक्षा थोडी कमीच करावी. लागले तर जादा पॉइंट एखाद्या वर्षी भाड्याने घेता येतात. जास्त झालेले विकायला मात्र महिने जातात आणि दलाली लागते.

भाच्याने कंपनीचे कागद घेतले होते, सही केली नव्हती. केली असती तरी फ्लोरिडाच्या कायद्याने दहा दिवसांत रद्द करता येते, हे त्याला माहीत नव्हतं, तुम्हाला असू द्या. त्याने सध्या खरेदी थांबवली आहे. नोव्हेंबरात ताई आणि भावोजी पुण्याहून येतायत, तेव्हा एका सभासदाकडून पॉइंट भाड्याने घेऊन किदानीत एक बेडरूमचा व्हिला ठरवलाय. पूर्ण स्वयंपाकघर आहे, वॉशिंग मशीन आहे, ताई कुकर बरोबर आणणार म्हणतेय. चार रात्री राहायचं, पार्कचं तिकीट काढायचं नाही, असं त्याने स्वतःहून ठरवलं. तिथे मन रमलं तर तो ॲनिमल किंगडमचे, म्हणजे २०५७ चे, शंभर पॉइंट रीसेलमध्ये बघणार आहे, २०२७ मध्ये, शेजारचा नवा भाग उघडला की.